शेणकिड्यांचे परिसंस्थेतील कार्य : विविध अधिवासांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : शेणकिडे हे विष्ठेचे विघटन घडवून आणणारे महत्त्वाचे कीटक होत. त्यांच्या कार्याचे स्वरूप अधिवासानुसार कसे बदलते आणि त्यांच्या अभावी कोणते प्रश्न उद्भवतात, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : शेणकिडे, अधिवास, पोषकद्रव्यांचे चक्र, बीजप्रसार, आयव्हरमेक्टिन.

१. प्रस्तावना

विघटक म्हटले की जिवाणू, बुरशी आणि गांडुळे यांचा विचार प्रथम केला जातो. शेणावर उपजीविका करणारे भुंगेरे मात्र बहुधा दुर्लक्षितच राहतात. स्कॅरॅबिइनी या उपकुलात त्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. पिकांची मुळे खाणारी हुमणी ही याच कुलातील असली, तरी शेणकिड्याच्या अळीचा जिवंत मुळांशी संबंध नसतो. मादीने शेणाचा गोळा करून त्यात अंडे घातलेले असते आणि अळीची संपूर्ण वाढ त्या गोळ्यातच होते. भारतीय उपखंडातील या कीटकांचे सविस्तर वर्णन गिल्बर्ट ॲरो यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे.

२. वर्तनानुसार प्रकार

शेणाच्या वापरानुसार या कीटकांचे तीन गट पडतात. पहिला गट शेणाचा गोळा करून तो दूर लोटत नेतो व पुरतो. दुसरा गट शेणाखालीच बीळ करून शेण जमिनीत नेतो. तिसरा गट शेणातच राहतो व तेथेच प्रजनन करतो. पहिल्या दोन गटांच्या कार्यामुळे जमिनीत हवा खेळती राहते, पाणी मुरण्यास मदत होते आणि अमोनियाच्या रूपाने हवेत जाणाऱ्या नत्राचा काही भाग मातीतच राहतो.

३. अधिवासानुसार कार्य

३.१ गवताळ प्रदेश : आफ्रिकेतील गवताळ प्रदेशात मोठ्या तृणभक्षी प्राण्यांमुळे शेण विपुल असते व त्यासाठीची स्पर्धाही तीव्र असते. पूर्व आफ्रिकेतील एका अभ्यासात, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार, हत्तीच्या दीड किलो विष्ठेवर सुमारे १६,००० भुंगेरे आले व त्यांनी ती दोन तासांत नाहीशी केली. येथे वेग हेच वैशिष्ट्य ठरते, कारण उन्हात सुकलेले शेण बहुतेक जातींना उपयोगाचे नसते.

३.२ उष्णकटिबंधीय वने : वर्षावनात माकडांसारख्या फलाहारी प्राण्यांच्या विष्ठेत बिया असतात. त्या जमिनीवर उघड्या राहिल्यास उंदीर-घुशींसारखे प्राणी त्या खातात. विष्ठेसोबत पुरल्या गेलेल्या बिया यातून वाचतात; फार खोल गेल्यास मात्र त्या रुजत नाहीत. म्हणजेच वनाच्या पुनरुज्जीवनात या कीटकांचा वाटा असतो, पण तो पुरण्याच्या खोलीवर अवलंबून असतो.

३.३ वाळवंट व शीत कुरणे : आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील रखरखीत प्रदेशात पॅकिसोमा हे पंखांनी उडू न शकणारे भुंगेरे सुक्या लेंड्या व पालापाचोळा ओढत नेऊन वाळूत साठवतात. उत्तर युरोपच्या थंड कुरणांत मात्र शेणातच राहणारे अफोडियस गटातील कीटक प्रामुख्याने आढळतात.

४. अभावाचे उदाहरण : ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियात १७८८ साली गुरे नेली गेली. तेथील स्थानिक शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गाईचे पातळ, मोठे शेण त्यांना फारसे हाताळता आले नाही. परिणामी शेण महिनोन्‌महिने पडून राहू लागले, त्याखालील गवत मेले आणि त्यात माश्यांची पैदास वाढली. कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेने १९६० च्या दशकात योजना हाती घेतली. परदेशातून आणलेल्या ४३ जाती सोडण्यात आल्या. त्यांपैकी २३ स्थिरावल्या. शेण व शेणकिडा यांचे नाते किती विशिष्ट असते, हे यावरून स्पष्ट होते.

५. संभाव्य धोके

जनावरांना जंतनाशक म्हणून दिले जाणारे आयव्हरमेक्टिन मुख्यतः शेणावाटे बाहेर पडते व काही काळ त्यात क्रियाशील राहते. त्यामुळे प्रौढ भुंगेरे वाचले तरी अळ्या मरू शकतात. मोठ्या जातींची मादी एका हंगामात मोजकीच पिले वाढवते. म्हणून घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांचा ऱ्हास झाल्यानंतर भारतात २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पशुवैद्यकीय औषधांचा विचार गोठ्यापुरता करून चालत नाही, हा त्या अनुभवाचा बोध येथेही लागू पडतो.

६. समारोप

शेणकिड्यांचे कार्य एकच असले, तरी गवताळ प्रदेशात ते मृदासंवर्धनाचे, वनात बीजप्रसाराचे आणि कुरणात माशी-नियंत्रणाचे रूप घेते. एका अधिवासातील जाती दुसऱ्या अधिवासात तेच कार्य करतीलच असे नाही. म्हणून स्थानिक जातींचे रक्षण अधिक श्रेयस्कर ठरते. सरसकट जंतनाशक न देता गरजेनुसारच देणे आणि उपचारित जनावरांना काही दिवस चराऊ रानात न सोडणे, हे उपाय पशुपालकांना सहज अंगीकारता येतील. पावसाच्या पहिल्या सरींनंतर महाविद्यालयाच्या परिसरातील शेणावर कोणत्या गटाचे भुंगेरे येतात, याची दरवर्षी नोंद ठेवणे हा प्राणिशास्त्र विभागांना अल्पखर्चात राबविता येण्याजोगा उपक्रम आहे.