पोटातली पोकळी : युद्धनौकांचे टॉर्पेडोपासून संरक्षण

टॉर्पेडो युद्धनौकेला पाण्याखाली गाठतो. तोफेचा गोळा पाण्यावरून येतो आणि जाड चिलखत त्याला अडवू शकते. टॉर्पेडो त्या चिलखती पट्ट्याच्या खाली शिरतो. तिथे जहाजाचे कवच जेमतेम एक-दोन बोटे जाड असते आणि त्याला खेटून दोन-चारशे किलो स्फोटक फुटते. या भागालाही फूटभर जाड चिलखत चढवायचे म्हटले तर वजन परवडत नाही. परवडले तरी स्फोटाच्या धक्क्याने ती जड पाटी अख्खी आत रेटली जाण्याची भीती असते. म्हणून पाण्याखालच्या संरक्षणाचे शास्त्र पोलादाच्या जाडीपेक्षा पोकळीभोवती वाढले. स्फोटाला अडवायचे नाही, त्याला पुरेशी जागा द्यायची आणि त्या जागेत त्याचा जोर संपवायचा, हा त्यातला मुख्य विचार.

रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६मध्ये फियुमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेकात, स्वयंचलित टॉर्पेडो तयार केला. पुढची काही दशके नौदलांनी त्यावर उपाय म्हणून नांगरलेल्या जहाजाभोवती पोलादी जाळ्या सोडल्या. फ्रान्समध्ये बांधलेल्या ‘त्सेसारेविच’ या रशियन युद्धनौकेत बाहेरच्या कवचापासून काही अंतर आत एक उभी पोलादी भिंत घालण्यात आली होती. १९०४मध्ये पोर्ट आर्थर येथे या नौकेवर टॉर्पेडो बसला आणि ती तगली. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘यू-९’ या एकाच जर्मन पाणबुडीने ‘अबुकीर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर दीड तासाच्या आत बुडवल्या. चौदाशेंहून अधिक माणसे गेली. त्यानंतर हा विषय कोणालाही टाळता आला नाही.

ब्रिटिश नौदलाचे मुख्य जहाज-अभिकल्पक यूस्टेस टेनिसन डेनकोर्ट यांनी शोधलेला उपाय दिसायला बेढब होता : जहाजाच्या दोन्ही कुशींना बाहेरून जोडलेला फुगवटा. स्फोट मूळ कवचापासून दूर, या फुगवट्यातच व्हावा अशी ती योजना. तिच्यामागचे प्रयोग केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी केले. त्यांनी लहान प्रतिकृतींवर लहान स्फोट घडवले आणि मोजमापांचे प्रमाण वाढवत नेल्यास मोठ्या स्फोटाचे गणित कसे बांधता येते ते दाखवले. स्फोटशास्त्रात तो नियम आजही त्यांच्या नावाने चालतो. १९१८च्या ऑगस्टमध्ये स्वतः विमान चालवताना अपघातात त्यांचा मृत्यू झाला. युद्ध संपायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. त्याआधी फुगवट्याची परीक्षा झाली होती. ‘एडगर’ आणि ‘ग्राफ्टन’ या जुन्या क्रूझरना फुगवटे जोडले होते. दोघींवरही टॉर्पेडो बसले आणि दोघीही बंदरात परतल्या.

फुगवट्यातून पुढे थरांची रचना आली, आणि तिच्यामागची कल्पना या विषयात सर्वांत देखणी आहे. स्फोटक फुटते तेव्हा क्षणार्धात त्याचा प्रचंड दाबाचा तप्त वायू होतो. बाहेरच्या बाजूला समुद्र असतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे वायू कमी विरोधाच्या दिशेने, म्हणजे जहाजात घुसतो. बाहेरचे पातळ कवच फाटणारच, ते गृहीत असते. त्याच्यामागे रिकामा कप्पा ठेवला की वायू तिथे पसरतो आणि दाब उतरतो. पुढच्या कप्प्यात तेल किंवा पाणी भरलेले असते. फाटलेल्या पत्र्याचे तुकडे गोळ्यांसारखे आत येतात. द्रव त्यांचा वेग मारतो आणि एका ठिकाणी बसलेला तडाखा मोठ्या क्षेत्रावर वाटून देतो. द्रवाचा धक्का थेट शेवटच्या भिंतीवर बसू नये म्हणून मध्ये पुन्हा एक रिकामा कप्पा. ती शेवटची भिंत मात्र चिवट पोलादाची हवी. पितळेच्या पातेल्याला पोचा येतो पण भेग पडत नाही, तसे तिने आत वाकावे आणि फाटू नये.

कागदावर सोपी वाटणारी ही रचना चालत्या जहाजावर सांभाळणे कठीण. द्रवाच्या कप्प्यात बहुधा जहाजाचेच इंधन असे. ते वापरले की त्या जागी समुद्राचे पाणी भरावे लागे, नाहीतर संरक्षणातला एक थर नाहीसा होई.

अमेरिकेच्या ‘नॉर्थ कॅरोलायना’त अशा थरांची रुंदी जहाजाच्या मध्यावर प्रत्येक बाजूला साडेअठरा फूट होती. सुमारे ७०० पौंड टीएनटीचा स्फोट सोसण्याच्या हिशेबाने ती आखली होती. १५ सप्टेंबर १९४२ रोजी सॉलोमन बेटांच्या समुद्रात जपानी ‘आय-१९’ पाणबुडीचा टॉर्पेडो तिच्यावर बसला, त्यातले स्फोटक जवळजवळ ९०० पौंडांचे, आणि तोही नाळेच्या बाजूला, जिथे थर अरुंद होत जातात तिथे. ३२ फूट लांब आणि १८ फूट उंच भगदाड पडले. पाच खलाशी मृत्युमुखी पडले, जहाज साडेपाच अंशांनी कलले. विरुद्ध बाजूचे कप्पे पाण्याने भरून खलाशांनी ते काही मिनिटांत सरळ केले आणि ताफ्यासोबतचा वेगही राखला. त्याच माऱ्यात सापडलेली ‘वॉस्प’ ही विमानवाहू नौका मात्र बुडाली. ‘नॉर्थ कॅरोलायना’ आज विल्मिंग्टन येथे संग्रहालय म्हणून उभी आहे.

सर्वांत धाडसी कल्पना मात्र इटलीची. उंबेर्तो पुलिएसे या नौदलातील अभियंत्याने सपाट भिंतींऐवजी जहाजाच्या कुशीत, लांबीच्या दिशेने, एक प्रचंड पोलादी नळकांडे आडवे बसवले. नळकांडे आतून रिकामे, भोवतालचा कप्पा द्रवाने भरलेला. स्फोटाचा दाब द्रवातून सर्व बाजूंनी नळकांड्यावर यावा, ते चिरडले जावे आणि चिरडण्यातच स्फोटाची ऊर्जा खर्च व्हावी, हा हेतू. ‘लित्तोरिओ’ वर्गाच्या युद्धनौकांत त्याचा व्यास ३.८ मीटर होता. दोन उंच माणसे एकावर एक उभी राहतील इतका. आधी ‘ब्रेन्नेरो’ आणि ‘तार्वीझिओ’ या तेलवाहू जहाजांत त्याची चाचणी झाली. सोव्हिएत संघानेही आपल्या ‘सोव्हेत्स्की सोयूझ’ वर्गासाठी हीच पद्धत निवडली, पण त्या नौका कधीच पूर्ण झाल्या नाहीत.

कल्पना मूलगामी होती, बांधणी तिच्या तोडीची नव्हती. नळकांड्यामागची वक्र भिंत जिथे तळाला मिळत होती तिथले रिव्हेटचे सांधे कच्चे राहिले. तडाखा बसला की नळकांडे चिरडण्याआधीच सांधा सुटायचा. शिवाय गोल नळकांड्याला रुंदी लागते; नाळेकडे आणि पिछाडीकडे जहाज निमुळते होते, तिथे त्याचा आकार कमी करावा लागे. ११ नोव्हेंबर १९४०च्या रात्री ब्रिटिश ‘स्वोर्डफिश’ विमानांनी तारांतो बंदरावर हल्ला केला. ‘लित्तोरिओ’ला तीन टॉर्पेडो बसले आणि ती नाळेकडून खाली बसली, ‘कॉन्ते दी काव्हूर’ ही दुसरी इटालियन युद्धनौका तर एकाच टॉर्पेडोने गाळात गेली आणि पुन्हा सेवेत आलीच नाही.

या काळात पुलिएसे नौदलात नव्हते. ते ज्यू होते, आणि १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना सेवेतून काढले होते. तारांतोनंतर बुडालेली जहाजे वर काढण्यासाठी त्याच सरकारने त्यांना परत बोलावले. ज्या माणसाला देशाने दार दाखवले, त्याने देशाच्या जहाजांसाठी पुन्हा काम केले. ‘लित्तोरिओ’ पुढच्या मार्चमध्ये सेवेत परतली.

थरांची असो वा नळकांड्याची, प्रत्येक रचना हरली ती बहुधा जिथे रुंदीच नव्हती तिथे. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जपानी विमानांचा टॉर्पेडो डाव्या बाजूच्या बाहेरच्या पंख्याजवळ बसला. फिरत्या, वाकलेल्या दांड्याने स्वतःचाच बोगदा फाडला आणि त्यातून पाणी इंजिनांपर्यंत पोहोचले. हजार पौंड टीएनटीसाठी आखलेल्या कुशीच्या भिंती तिथे उपयोगाच्याच नव्हत्या. जपानी युद्धनौका ‘यामातो’चे दुबळेपण सांध्यात निघाले. २५ डिसेंबर १९४३ रोजी अमेरिकी ‘स्केट’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने वरच्या आणि खालच्या चिलखताचा जोड आत ढकलला आणि सुमारे तीन हजार टन पाणी घुसले.

पुढे टॉर्पेडोनेच मार्ग बदलला. तो कुशीवर न आदळता कण्याखाली फुटू लागला. त्याने उठणारा वायूचा बुडबुडा जहाज उचलतो, मग त्याखालची जागा पोकळ होते आणि जहाज स्वतःच्या वजनाने मोडते. कुशीतल्या पोकळीला तिथे काहीच काम उरत नाही. छोट्या नौकांना तर तेवढी रुंदीही कधी मिळाली नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी ‘हँगोर’ पाणबुडीने बुडवलेली ‘खुकरी’ ही अशीच एक फ्रिगेट होती. काही मिनिटांत ती गेली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले.

आता बचाव जहाजाच्या पोटातून बाहेर, त्याच्या मागच्या पाण्यात गेला आहे. जहाजामागे ओढले जाणारे उपकरण जहाजाचा खोटा आवाज करते आणि टॉर्पेडोला भलतीकडे नेते. भारतीय बनावटीची अशी यंत्रणा नौदलात २०२०मध्ये दाखल झाली. सोनेरी हरणाचे रूप घेऊन रामाला आश्रमापासून दूर नेणाऱ्या राक्षसावरून तिचे नाव ठेवले आहे : ‘मारीच’.