जुन्या सायकलीची ओळख व दुरुस्ती

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेंतील सुमारें ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पुरी केली, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. शर्यतीच्या सायकली हलक्या व महागड्या असतात. परंतु ज्या साध्या, काळ्या, सळईच्या ब्रेकांच्या सायकलीवर आपल्या आजोबांची पिढी नोकरीस व बाजारास गेली, ती कित्येक घरीं जिन्याखालीं गंजत पडलेली असते. ती मोडींत देण्यापूर्वीं किंवा घाईनें रंगविण्यापूर्वीं काय करावें, हें येथें सांगावयाचें आहे.

पहिला नियम असा, कीं सायकलीची ओळख पटेपर्यंत तिला काचकागद लावूं नये. हँडलखालील उभ्या नळीवरचा बिल्ला व दांड्यांवरील पुसट अक्षरें हेंच तिचें जन्मपत्र होय. तें एकदां खरवडलें गेलें, म्हणजे कोणताही कारागीर तें परत आणूं शकत नाहीं.

बिल्ला हरवला असल्यास पेडलाजवळचें दातेरी चक्र पाहावें. रॅलेच्या कित्येक चक्रांत बगळ्याचीं डोकीं, हंबरच्या चक्रांत पांच मनुष्याकृति, व बीएसएच्या चक्रांत त्या नांवाचीं तीन इंग्रजी अक्षरें दिसतात. बीएसए ही मूळची बंदुका करणारी कंपनी. म्हणून एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हें तिचें चिन्ह झालें. मागील चाकांत स्टर्मी-आर्चरचा गिअर असेल, तर त्याच्या हबवर बहुधा वर्षाचे दोन आंकडे ठोकलेले असतात. ५२ म्हणजे १९५२.

तथापि एकाच खुणेवर विसंबूं नये. सुटे भाग बदललेले असतात. शिवाय रॅले सायकली इंग्लंडांतील नॉटिंगहॅमप्रमाणेंच आसनसोल येथें सेन-रॅलेच्या कारखान्यांतही होत असत. घरांतील आठवणीही पडताळून पाहाव्यात. अ‍ॅटलसचा सोनीपत येथील कारखाना १९५१ सालचा व हिरो सायकल्सचा लुधियाना येथील १९५६ सालचा. तेव्हां या नांवांची सायकल स्वातंत्र्यापूर्वींची असणें शक्य नाहीं.

ओळख पटल्यावर दुरुस्ती. प्रथम पुढचा चिमटा व नळ्यांचे सांधे पुसून उजेडांत पाहावेत. तेथें तडा आढळल्यास ती सायकल ठेवण्यापुरती झाली. तिच्यावर कोणीही बसूं नये. चिमटा तुटला, तर स्वार तोंडावर आपटतो.

सांधे धड असतील, तर पुढील काम धीरानें करावें. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. तें सोडवितांना पान्हा उजवीकडे फिरवावा, नाहींतर आटे बिघडतात. चाकांतील छर्रे रॉकेलांत धुवून ताजें ग्रीस भरावें. पुढच्या चाकांत बहुधा ३/१६ इंची व मागच्यांत १/४ इंची छर्रे असतात. झिजलेल्यांत एखादाच नवा घालूं नये. तो किंचित् मोठा असल्यामुळें सर्व भार त्याच्यावर येतो. म्हणून संपूर्ण संच बदलावा. टायर घेतांना जुन्यावरील माप वाचावें. अशा सायकलींवर पुष्कळदां २८ × १½ असें असतें. चाकाचा आऊट काढण्याचें काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडे द्यावें. ब्रेकचे रबर नवे घालावेत. तरीही पावसांत पोलादी रिमवर त्यांची पकड फार कमी होते, हें विसरूं नये.

रंगाचें काम शेवटीं, आणि तेंही थोडकें. सुटा गंज काढून तेलाचा बोळा फिरविला, तर जुना रंग बराच खुलतो. ज्यांस अशा सायकली पाहावयाच्या असतील, त्यांच्यासाठीं पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांचें सायकल-संग्रहालय २०१७ सालीं उघडलें आहे.

पालकांस एक विनंति. काढलेला प्रत्येक भाग नांव लिहिलेल्या पुडींत ठेवावयास व वहींत क्रमानें नोंदवावयास मुलांस लावावें. ज्या क्रमानें सायकल उघडली, त्याच्या उलट क्रमानें ती जुळते. आणि ज्यानें ती स्वतः जुळविली, त्यास वाटेंत बिघाड झाला तरी धीर सुटत नाहीं.