फोटोतील निवडलेला भाग की-बोर्डाने कसा भरावा?

आपल्या वस्तीतील अनेक तरुण-तरुणी आज फोटो स्टुडिओत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा डी.टी.पी. सेंटरमध्ये काम करीत आहेत. शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे, नोकरीचे अर्ज निघाले की दुकानासमोर रांग लागते व प्रत्येकाला फोटोची पार्श्वभूमी पांढरी करून हवी असते. दर वेळी माऊसने 'एडिट' मेनू उघडायचा, त्यात 'फिल' शोधायचे, रंग निवडून 'ओके' म्हणायचे, यात वेळ तर जातोच, शिवाय संध्याकाळपर्यंत मनगट दुखू लागते. हेच काम दोन बटणांत होते.

१९९० साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये नेहमी दोन रंग हाताशी असतात. पुढचा म्हणजे फोरग्राउंड आणि मागचा म्हणजे बॅकग्राउंड. विंडोजवर ऑल्ट व बॅकस्पेस एकत्र दाबल्यास सिलेक्शनमध्ये पुढचा रंग भरतो. कंट्रोल व बॅकस्पेस दाबल्यास मागचा. मॅकवर हेच काम ऑप्शन-डिलीट आणि कमांड-डिलीट करतात. 'डी' दाबले की पुढे काळा व मागे पांढरा रंग येतो. 'एक्स' दाबले की दोघांची अदलाबदल होते.

आता अर्जाच्या फोटोचे काम पाहू. प्रथम कंट्रोल-जे दाबून लेयरची प्रत करावी. मूळ फोटो खाली सुरक्षित राहतो. मग व्यक्तीची आकृती निवडावी. केसांची कड कात्रीने कापल्यासारखी दिसू नये म्हणून शिफ्ट-एफ६ दाबून एखाद्या पिक्सेलचा फेदर द्यावा. त्यानंतर कंट्रोल-शिफ्ट-आय दाबावे, म्हणजे आकृतीऐवजी तिच्यामागची भिंत निवडली जाते. मग 'डी', आणि शेवटी कंट्रोल-बॅकस्पेस. भिंत पांढरी झाली! मात्र ग्राहकाला फोटो कशासाठी हवा हे आधी विचारून घ्यावे. अमेरिकेच्या व्हिसासारख्या काही कामांना संगणकावर बदललेला फोटो चालत नाही. तेथे पांढऱ्या पडद्यासमोर बसवूनच फोटो काढावा.

आकृती उलटी करून निवडायला विसरलात तर भिंत तशीच राहून माणूसच पांढरा होतो. सिलेक्शन अजिबात नसेल तर संपूर्ण लेयर रंगून जातो. कंट्रोल-झेडने ते परत येते, परंतु फाईल सेव्ह करून बंद केल्यावर येत नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी कोणता लेयर चालू आहे तेवढे पाहावे.

फलकावरील अक्षरांचा रंग बदलायचा असेल तर ऑल्ट-बॅकस्पेसला शिफ्टची जोड द्यावी. लेयरवर जेथे काही आहे तेथेच रंग बसतो, रिकामी जागा रिकामीच राहते. सिलेक्शन करायचीही गरज नाही. हे बटण फार थोड्यांना ठाऊक असते.

नुसते शिफ्ट-बॅकस्पेस दाबले तर 'फिल'ची चौकट उघडते. २०१० साली आलेल्या सी.एस.५ आवृत्तीपासून तीत 'कंटेंट-अवेअर' हा पर्याय आहे. तो आजूबाजूचा भाग पाहून निवडलेली जागा भरतो. घरोघरी ट्रंकेत पडलेले, घडी पडलेले, वाळवी लागलेले जुने फोटो नीट करण्यास तो फारच उपयोगी आहे. आकाश, भिंत, जमीन यांवरील भेग क्षणात बुजते. चेहऱ्यावर मात्र तो वापरू नये. आजोबांचा अर्धा गाल फाटला असेल, तर संगणक शेजारच्या कातडीचे वा कपड्याचे तुकडे आणून तेथे जोडील, आणि नातवंडे तोच आजोबांचा चेहरा समजतील. त्यांचा दुसरा फोटो मिळाला तर त्यावरून दुरुस्ती करावी. नाही मिळाला तर भेग राहू द्यावी, असे आमचे मत आहे.

ज्यांना फोटोशॉपचे शुल्क परवडत नाही त्यांनी 'गिंप' हा विनामूल्य प्रोग्राम घ्यावा. त्यात कंट्रोल व स्वल्पविराम दाबल्यास पुढचा रंग भरतो, कंट्रोल व पूर्णविराम दाबल्यास मागचा. 'डी' आणि 'एक्स' तेथेही हेच काम करतात.