एका वेळी एकच सूर

जालन्यात मस्तगडाच्या रस्त्याने वरात निघाली की सोबत ब्रास बँड असो, बँजो पार्टी असो की डीजे, कधी ना कधी बीन वाजतेच. मग वरातीतला एक जण रुमालाचं टोक दातात धरून गारुडी होतो, दुसरा दोन्ही हातांचा फणा करून जमिनीवर लोळतो आणि नवरदेवाची घोडी तिथेच थांबते. लग्नाच्या पत्रिकेत न छापलेला, पण कुणी न चुकवलेला हा विधीच आहे. ज्या बीनवर हे सगळं चालतं ती मुळात पुंगी नव्हती. ते विजेवर चालणारं, व्हॉल्व्हचं एक छोटं यंत्र होतं आणि ते वाजवणारा तरुण गिरगावात वाढलेला होता.

वर्ष १९५४, चित्रपट ‘नागिन’. संगीतकार हेमंतकुमार. बीन वाजवली कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हायोलिनवर. जोडीला हार्मोनियम होती ती रवी यांची. दोघंही पुढे स्वतः नामवंत संगीतकार झाले. त्या वेळी जालना हैदराबाद राज्यात होतं. मुंबईच्या स्टुडिओतलं हे यंत्र इथल्या कुणी पाहिलेलं असण्याचं कारण नव्हतं. सूर मात्र आला आणि सत्तर वर्षांत गेला नाही.

जुन्या सिंथेसायझरांबद्दल जगभरचे वादक मोठ्या प्रेमाने बोलतात. मिनिमूग, ज्युपिटर-८, टीबी-३०३, डीएक्स७ ही नावं सतार किंवा व्हायोलिनच्या घराण्यांसारखी घेतली जातात. त्या प्रेमाची कारणं सांगताना आवाजाची ऊब, जुनी सर्किटं, हाताने फिरवायची बटणं यांचा उल्लेख होतो. आपल्याकडच्या सत्तर वर्षांकडे पाहताना मला त्याहून जवळचं एक कारण दिसतं. यांतली सर्वांत लाडकी यंत्रं एका वेळी एकच सूर काढू शकत होती. बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ती उणीव होती. आपल्या संगीताला मात्र तेच हवं होतं.

क्लॅव्हायोलिन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टँ मार्तँ यांनी बनवली. तीन सप्तकांची छोटी पट्टी, आत व्हॉल्व्ह, वेगळा लाउडस्पीकर आणि आवाजाचा पोत बदलणारी खटक्यांची रांग. पियानोच्या कडेखाली ती अडकवायची आणि पियानोवादकाने एका हाताने त्यावर सुरावट वाजवायची, अशी कल्पना. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर एकच यायचा. पण पट्टी दाबलेली असेपर्यंत तो सूर पियानोसारखा विरत नसे. गारुडी गाल फुगवून श्वास साठवतो, त्यामुळे बीन मध्ये कुठे तुटत नाही. ती सलगता, तो किंचित नाकातला, भुंग्यासारखा घुमणारा आवाज आणि सुराचा कंप हे तिन्ही त्या पेटीत आधीच होतं. कल्याणजींनी ते ओळखलं. १९६२ मध्ये ‘टेलस्टार’ या वाद्यरचनेतून हेच यंत्र पाश्चात्त्य श्रोत्यांत गाजलं. तिथे त्याचा सूर अंतराळातल्या उपग्रहाचा ठरला, आपल्याकडे त्याच्या आठ वर्षं आधी तो नागाचा झाला होता.

याच काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, हे इथे आठवायला हवं. १९४० पासून १९७१ पर्यंत ती चालली. आक्षेप असा होता की हार्मोनियमचे सूर पट्टीगणिक ठरलेले. त्यांना श्रुती साधत नाहीत आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड घेता येत नाही. आपल्याकडे पट्टीच्या वाद्यांबद्दल एवढा संशय होता. नव्या विजेच्या वाद्यांनी पट्टी तीच ठेवली, पण सूर मात्र हलता, कापता, घसरता केला. म्हणून त्यांचं इथे जमलं असं मला वाटतं.

त्या घसरण्याला खरी मोकळीक मिळाली ती अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांच्या हातून. १९६४ मध्ये त्यांनी संगीतकार हर्ब डॉइच यांच्यासोबत पहिलं यंत्र उभं केलं. तत्त्व साधं होतं: विजेचा दाब वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. सूर एकदा दाबावर चालू लागला की दोन पट्ट्यांमधल्या सगळ्या जागा मोकळ्या झाल्या. सुरुवातीचे मूग म्हणजे तारांनी जोडलेली, भिंतभर पसरणारी कपाटं. त्यातलं एक आपल्या शेजारच्या गुजरातेत आलं होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसवून दिलं. संगीतकार जॉन केज यांना १९४६ साली भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या गीता साराभाई तिथे काम करत होत्या. त्यांच्यासोबत आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. मग त्या टेपा संस्थेतच पडून राहिल्या. ब्रिटनचे कलावंत पॉल पर्गास यांना त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. भारतातलं हे सुरुवातीचं इलेक्ट्रॉनिक संगीत लोकांच्या कानी पडायला पन्नास वर्षं लागली.

१९७० मध्ये मूग कंपनीने कपाटाची छोटी पेटी केली, मिनिमूग. ४४ पट्ट्या आणि सूर काढणारे तीन ऑसिलेटर. तिन्ही एकाच सुरात लावायचे, पण केसभर इकडेतिकडे ठेवायचे. मग तानपुऱ्याच्या जोडाच्या तारांसारखी एक भरदार झळाळी येते. त्यानंतर फिल्टर. तो वरचे स्वरांश कापतो आणि बटण फिरवत गेलं की मिटलेला आवाज उघडत जातो. डाव्या हाताला सूर वरखाली ओढणारं चाक, आणि ग्लाइडचं बटण: ते वाढवलं की पुढची पट्टी दाबल्यावर सूर उडी न मारता सरकत जातो. यंत्र तापेपर्यंत सूर हलायचा, म्हणून आधी चालू करून ठेवावं लागे. एकदा बटणं हलली की आधीच्या जागा यंत्राला आठवत नसत. आवाज पुन्हा हवा तर वादकाने पुन्हा घडवायचा. म्हणून दोन वादकांचे मिनिमूग दोन तऱ्हांनी वाजत.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात मिनिमूग आणल्याचं श्रेय केरसी लॉर्ड यांना दिलं जातं. वडील कावस लॉर्ड तालवादक, भाऊ बुर्जोर ड्रम्सवर; सगळं पारशी घरच रेकॉर्डिंगच्या खोल्यांत वाढलेलं. ‘आराधना’तल्या गाजलेल्या प्रणयगीतातला अकॉर्डियन केरसींचा. हात अकॉर्डियनवर तयार झालेला, त्यामुळे भात्याच्या श्वासाने सूर कसा फुगवायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना ठाऊक होतं. एका यंत्रामुळे दहा वादकांचं काम जाईल, ही भीती तेव्हापासूनच होती आणि ती अनाठायी नव्हती. पुढच्या वीस वर्षांत डझनावारी व्हायोलिनांचे वाद्यवृंद खरोखरच ओसरले. केरसी २०१६ मध्ये गेले. या घराण्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट निघाला म्हणून निदान त्यांचे चेहरे आपल्याला माहीत आहेत.

या सगळ्या कहाणीतलं माझं सर्वांत आवडतं पान १९८२ चं आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या स्टुडिओतले गिटारवादक. सिंगापूरहून त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आणली: टीआर-८०८ हे तालाचं, टीबी-३०३ हे खर्जाचं आणि ज्युपिटर-८ हे आठ सूर एकदम वाजवणारं सिंथेसायझर. तिन्ही एकमेकांना जोडून त्यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी केली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तबकडी चालली नाही.

टीबी-३०३ ची गंमत अशी की ती बनवली होती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ती साफ अपयशी ठरली, खऱ्या बेस गिटारसारखी ती वाजेचना. १९८४ पर्यंत उत्पादन थांबलं. पण तिच्यात एका वेळी एकच सूर होता, सुरावरून सुरावर घसरण होती आणि ठरावीक सुरावर जोर देण्याची सोय होती. मींड आणि आघात, दोन्ही. चरणजितांनी तिच्यावर रागाच्या स्वरांची माळ फिरती ठेवली, वर ज्युपिटरवर आलापासारखी सुरावट घेतली. पाश्चात्त्य नृत्यसंगीत कॉर्ड बदलत पुढे जातं. रागात षड्ज हलत नाही. त्यामुळे या तबकडीत खालचं आवर्तन तसंच राहतं आणि सगळी हालचाल त्या एका सुरावटीच्या आत घडते. १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी हीच टाकून दिलेली टीबी-३०३ घेऊन ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार सुरू केला, तेव्हा तेही कॉर्डशिवायच्या आवर्तनापर्यंतच पोचले. त्यांनी चरणजितांना ऐकलेलं नव्हतं. यंत्राच्या अंगातच जे होतं ते दोन टोकांच्या माणसांना स्वतंत्रपणे सापडलं. चरणजितांना आधी सापडलं, कारण रागाने त्यांचा कान तसा घडवला होता.

२००२ मध्ये एका डच संग्राहकाच्या, एडो बाउमन यांच्या हाती ही तबकडी दिल्लीत लागली. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली. सत्तरीत चरणजित युरोपच्या मंचांवर वाजवायला गेले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. उशिरा का होईना, जिवंतपणी दाद मिळालेला हा वादक.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला आणि युग बदललं. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर उभा असलेला हा डिजिटल कीबोर्ड १६ सूर एकदम वाजवायचा, ३२ आवाज लक्षात ठेवायचा आणि तापला म्हणून बेसूर होत नसे. त्याच वर्षी यंत्रांना जोडणारी मिडी ही पद्धत आली. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. कल्याणजींचे चिरंजीव विजू शाह याच पिढीचे. १९८९ च्या ‘त्रिदेव’मधला सिंथेसायझर त्यांचा. वडिलांच्या क्लॅव्हायोलिनपासून मुलाच्या डिजिटल कीबोर्डपर्यंतचा पस्तीस वर्षांचा प्रवास एकाच घरात झाला.

दुसरीकडे कॅसिओने १९८० पासून स्वस्त कीबोर्ड काढले. मराठवाड्यातल्या ऑर्केस्ट्रांत, गणपतीच्या मंडपांत, चौदा एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले, ते कायमचेच. ज्याला व्हायोलिनचा ताफा कधीच परवडला नसता अशा तालुक्याच्या वादकाच्या हाती अख्खा वाद्यवृंद आला. हे फार मोठं देणं आहे, आणि यंत्रांनी वादकांची कामं घेतली हे सांगताना त्यांनी कुणाकुणाला वादक केलं हेही सांगितलं पाहिजे. मात्र आवाज तयार मिळू लागल्यावर आवाज घडवणं मागे पडलं. आपल्या चांगल्या कीबोर्डवाल्यांनी एक गोष्ट तरीही सोडली नाही. बासरी किंवा शहनाईचा तुकडा आला की त्यांचा डावा हात कॉर्ड सोडून चाकावर जातो आणि उजवा एकेकच सूर घेतो. कल्याणजी, केरसी, चरणजित यांची परंपरा अनेक सूर एकदम वाजवू शकणाऱ्या यंत्रावरही अशी टिकून आहे.

मिनिमूग पुन्हा बनवला गेला, टीबी-३०३ च्या छोट्या आवृत्त्या मिळतात आणि अस्सल जुन्या यंत्रांना लाखांत किंमत येते. आपल्याकडची जुनी यंत्रं मात्र बहुतेक नोंदीशिवाय गेली. तबकडीवर संगीतकाराचं आणि गायकाचं नाव असायचं. बीन कुणी वाजवली, चाक कुणी ओढलं हे छापलं जात नसे. मुंबईच्या वादकांची नावं काही अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत लिहून काढली. जिल्ह्याच्या गावांतल्या ऑर्केस्ट्रांची आणि बँजो पार्ट्यांची अजून नाहीत. जालना हे भंगार वितळवून सळया करणारं शहर आहे. इथे जुनी वस्तू फार दिवस पडून राहत नाही. म्हणून माझं मागणं एवढंच आहे: ऐंशी-नव्वदच्या दशकात वरातीपुढे आणि मंडपात वाजवणारे वादक हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जावं, त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रित करावं, कोणता कीबोर्ड कुठून आणला, कोणता आवाज कसा बसवला हे विचारून ठेवावं आणि प्रत्येक नोंदीवर वादकाचं नाव लिहावं.