पक्ष्याच्या चोचीतला मासा आणि हरवलेले बेट

एप्रिल १९८० मध्ये प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस, दोन शिडांची एक जोडनाव बेट शोधत होती. ‘होकूलेआ’ हे तिचे नाव. हवाईच्या भाषेत ते एका ताऱ्याचे नाव आहे. आपण ज्याला स्वाती म्हणतो, तोच हा तारा. हवाई ते ताहिती हा सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास होकायंत्र वा नकाशा न वापरता, केवळ तारे, लाटा, वारा आणि पक्षी यांच्या आधारे करण्याचा संकल्प नैनोआ थॉम्पसन या तरुण नाविकाने सोडला होता. मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे माउ पियाइलुग हे त्यांचे गुरू. तेही नावेवर होते. मात्र वाट शोधण्याचे काम शिष्यावर सोपवून ते बहुतेक वेळ गप्प राहत.

महिनाभराच्या प्रवासानंतर पांढरे सुरय दिसू लागले आणि जमीन जवळ आल्याची आशा निर्माण झाली. सुरय हा लांब पंखांचा, टोकदार चोचीचा समुद्रपक्षी. त्यातला हा पांढरा सुरय रात्री बेटावर मुक्काम करतो, पहाटे मासे पकडण्यासाठी समुद्रावर येतो आणि सायंकाळी परततो. दुसऱ्या दिवशी सकाळी असाच एक पक्षी दिसला. सकाळची वेळ, म्हणजे तो बेटापासून दूर चालला असणार, असा हिशेब करून नाव त्याच्या उलट दिशेला वळविण्यात आली. तासभर गेला तरी बेटाचा पत्ता नव्हता. तेव्हा माउ बोलले. नाव फिरवा आणि पक्षी गेला त्या दिशेला चला, असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे केल्यावर थोड्याच वेळात तुआमोतू द्वीपसमूहातले एक बेट दृष्टीस पडले. माउंना जे दिसले होते ते इतरांच्या नजरेतून सुटले होते. त्या पक्ष्याच्या चोचीत मासा होता. तो विणीचा हंगाम होता. पक्षी शिकारीला निघाला नव्हता, तर सकाळीच पिलासाठी घास घेऊन घरी चालला होता.

उष्ण कटिबंधातील दूरस्थ बेटांदरम्यान शिडाच्या नौकेने प्रवास करणाऱ्यांना पक्षी, मासे, डॉल्फिन भेटतात, त्या भेटी योगायोगाने घडतात असे वाटते. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक भेटींमागे एक व्यवस्था असते आणि त्या व्यवस्थेचे एक टोक बेटाच्या जमिनीत रुतलेले असते.

उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राचे पाणी गडद निळे आणि नितळ असते, कारण त्यात सूक्ष्म वनस्पती फार थोड्या असतात. वरचे पाणी उन्हाने तापलेले आणि हलके. खालचे थंड, जड आणि पोषक द्रव्यांनी समृद्ध. हे दोन थर सहजासहजी मिसळत नाहीत. त्यामुळे प्रकाश असतो तिथे खत नसते आणि खत असते तिथे प्रकाश पोहोचत नाही. या निळ्या वाळवंटात दिवसचे दिवस काहीही न दिसणे हेच स्वाभाविक आहे. अशा वेळी नौकेच्या नाळेपुढून उडणाऱ्या माशांचा थवा उठतो, तो बहुधा नौकेलाच शत्रू समजून. हे मासे खरे तर उडत नाहीत, तरंगतात. ताणलेले पर पसरून आणि शेपटीच्या खालच्या पात्याने पुन्हा पुन्हा पाण्याला रेटा देत ते चारशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. रात्री दिशा चुकून काही डेकवर येऊन पडतात आणि सकाळी न्याहारीचा प्रश्न सुटतो.

लाल पायांच्या बूबी पक्ष्याला हे चांगले ठाऊक असते. तो तासन्‌तास नौकेच्या बाजूने उडत राहतो. खलाशांना वाटते, पक्षी सोबत करतो आहे. त्याचे लक्ष मात्र नाळेपुढून उठणाऱ्या माशांवर असते. डॉल्फिन नाळेजवळ येतात त्यालाही कारण आहे. पुढे सरकणारी नौका पाणी ढकलते आणि त्या दाबाच्या लाटेवर फारशी मेहनत न करता पुढे जाता येते. दूरवर घिरट्या घालणाऱ्या, मधूनच पाण्यावर झेपावणाऱ्या पक्ष्यांचा थवा दिसला, तर त्याखाली ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, असण्याची शक्यता मोठी. कुपा लहान माशांना खालून वर रेटतो आणि पक्षी त्यांना वरून टिपतात. लक्षद्वीपमध्ये गळाने कुपा पकडणारे मच्छीमार आजही असे थवे पाहून होडी वळवतात.

मात्र प्रत्येक पक्षी जमिनीची ग्वाही देत नाही. फ्रिगेट पक्ष्याचे पंख पाण्याने भिजतात, त्यामुळे तो समुद्रावर बसू शकत नाही. म्हणून तो दिसला की बेट जवळ असेल, असे कुणालाही वाटेल. पण हिंदी महासागरातील फ्रिगेट पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काही पक्षी सलग दोन महिन्यांपर्यंत हवेतच राहिल्याचे आढळले. भरवशाचे पक्षी ते, जे रोज रात्री घरी जातात. हवाईचे नाविक पांढऱ्या सुरयाचा फेरा सुमारे १२० सागरी मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर धरतात, तर नॉडी या तपकिरी पक्ष्याचा सुमारे ४० मैल. नारळाची झाडे असलेले सखल प्रवाळबेट नौकेवरून जेमतेम वीस किलोमीटरवरून दिसते. पक्ष्यांमुळे तेच बेट नाविकासाठी अनेक पटींनी मोठे होते.

बेटाभोवती जीवन दाटते त्याचे एक कारण खुद्द बेटाची अडवणूक. वाहत्या प्रवाहाच्या वाटेत पाण्याखालचा डोंगर आला की खालचे समृद्ध पाणी वर ढवळले जाते. १९५६ मध्ये हवाईच्या ओआहू बेटाजवळील निरीक्षणांवरून डोटी आणि ओगुरी या संशोधकांनी हे मांडले. दुसरे कारण पक्षी स्वतः. ते दूरच्या समुद्रात मासे खातात आणि विष्ठा टाकतात बेटावर. पावसाबरोबर ती विष्ठा खत होऊन प्रवाळ खडकांवर उतरते. म्हणजे विस्तीर्ण समुद्रात विखुरलेले नत्र पक्षी गोळा करून एका ठिपक्याएवढ्या जागी आणून ठेवतात.

याचा पुरावा मालदीवच्या दक्षिणेस असलेल्या चागोस द्वीपसमूहात मिळाला. तिथल्या काही बेटांवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जहाजांबरोबर काळे उंदीर पोहोचले, काही बेटे मात्र वाचली. निकोलस ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर असलेली सहा आणि नसलेली सहा बेटे तपासली. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट आणि बेटावर जमा होणारे नत्र २५१ पट अधिक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या बेटांलगतच्या खडकांवर माशांचे एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरले. उंदीर पाण्यात उतरला नव्हता. त्याने फक्त अंडी आणि पिले खाल्ली होती. तरीही समुद्रातले मासे कमी झाले होते.

समुद्रपक्ष्यांचा बचाव फारच तोकडा असतो. जिथे जमिनीवर शिकारी सस्तन प्राणी नव्हते, अशा बेटांवर त्यांची उत्क्रांती झाली. पांढरा सुरय तर घरटेही बांधत नाही. झाडाच्या उघड्या फांदीवरच्या लहानशा खळग्यात तो एकच अंडे घालतो. यातला विरोधाभास असा, की ज्या पॉलिनेशियन दर्यावर्दींनी पक्ष्यांचा माग काढत बेटे शोधली, त्यांच्याच नावांतून प्रशांत महासागरी उंदीर बेटोबेटी पसरला. पुढे युरोपीय जहाजांनी काळा उंदीर आणि मांजर यांची त्यात भर घातली. वाट दाखविणाऱ्यांच्या घरी पाहुण्यांबरोबर चोर शिरला.

हे नुकसान काही प्रमाणात भरून काढता येते, हा यातला दिलासा. मध्य प्रशांत महासागरातील पाल्मिरा या प्रवाळबेटावरील उंदीर २०११ मध्ये नष्ट करण्यात आले. त्यानंतर तिथल्या देशी झाडांची रोपे मोठ्या संख्येने तग धरू लागली. इतकेच नव्हे, तर माणसे आणि उंदीर यांच्या रक्तावर जगणारा एक परका डासही बेटावरून नाहीसा झाला. ताहितीजवळच्या तेतिआरोआ येथे अशीच मोहीम २०२२ मध्ये राबविण्यात आली. परंतु एक गाभण उंदरीण ही सारी मेहनत वाया घालवू शकते. म्हणूनच अशा बेटांवर जाणाऱ्या नौकांनी धान्याची पोती आणि खोकी तपासून घेणे, किनाऱ्याला बांधलेल्या दोरांवर उंदीर चढू नयेत यासाठी चकत्या लावणे, रात्री डेकवरचे प्रखर दिवे मालवणे आणि विणीच्या जागांपासून दूर राहणे, हे केवळ शिष्टाचाराचे नियम राहत नाहीत. दिव्यांनी दिपलेले पक्षी नौकेवर आदळतात आणि घाबरून उठलेल्या पक्ष्याचे अंडे उन्हात उघडे पडते.

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यालाही हे पक्षी अगदीच अनोळखी नाहीत. पावसाळी वादळांत वाट चुकलेला, थकलेला एखादा बूबी किंवा सुरय इथल्या वाळूवर सापडतो आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. तो कुठून आला, याची चर्चा होते. त्याला परत जाण्यासाठी बेट शिल्लक आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१९८० च्या त्या सकाळी ‘होकूलेआ’ला जमीन सापडली, ती माउ पियाइलुग यांच्या नजरेमुळे. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची विद्या आज त्यांच्या शिष्यांकडून पुढच्या पिढीकडे जात आहे. पण ती नजरही निरुपयोगी ठरली असती, जर चोचीत मासा घेऊन परतणारा पक्षी नसता. आणि तो पक्षी परतत होता, कारण कुठल्यातरी फांदीवर त्याचे पिलू जिवंत होते.