जगत्तुंग समुद्राकाठचे कंधार : तलावाकाठच्या एका ऐतिहासिक नगरातील पर्यटनस्थळे – एक अभ्यास

प्रस्तावना :

तलावाकाठचे सुंदर शहर म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम युरोप येतो. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न, जिनिव्हा, झुरिच ही नावे हिंदी चित्रपटांमुळे आणि पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींमुळे नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनाही परिचित झाली आहेत. परंतु नांदेडपासून अवघ्या 50 किलोमीटरच्या आसपास असलेले कंधार हेदेखील तलावाकाठचे एक प्राचीन नगर असून त्या तलावाला हजार वर्षांपूर्वी ‘समुद्र’ असे नाव देण्यात आले होते, ही गोष्ट यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे. प्रस्तुत लेखात कंधारमधील पर्यटनस्थळांचा परिचय करून देण्याचा आणि तेथील पर्यटनाच्या संधींचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1) कंधार नगराची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
2) तेथील प्रमुख पर्यटनस्थळांचा परिचय करून देणे.
3) तलावाकाठच्या एका युरोपीय शहराच्या अनुभवावरून कंधारसाठी काय घेता येईल, याचा विचार करणे.
4) नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्थळांशी कंधारची सांगड घालणे.

सदर लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कंधारचा उत्कर्ष राष्ट्रकूट काळात झाला. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ या नगराचे स्वामी म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड येथे होती. वेरूळचे कैलास लेणे ज्या कृष्ण पहिला याच्या नावाशी निगडित आहे, त्याच घराण्यात पुढे दहाव्या शतकात कृष्ण तिसरा हा पराक्रमी राजा झाला. इ.स. 949 मध्ये तक्कोलमच्या लढाईत त्याने चोळांचा पराभव केला. कंधारचा किल्ला याच राजाच्या काळातील मानला जातो.

राष्ट्रकूटांनंतर कल्याणीचे चालुक्य, काकतीय, यादव, दिल्लीचे सुलतान, बहामनी, निजामशाही अशा अनेक सत्तांचा कंधारशी संबंध आला. इ.स. 1631 मध्ये शाहजहानच्या फौजेने हा किल्ला निजामशाहीकडून जिंकून घेतला. फारसी साधनांत या गावाचे नाव अफगाणिस्तानातील कंदाहारप्रमाणेच लिहिले जात असल्याने मोगलकालीन इतिहास वाचताना दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो. पुढे हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर भारतात विलीन झाला.

प्रमुख पर्यटनस्थळे :

1) जगत्तुंग समुद्र : ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूट घराण्यातील बिरुद होय. गोविंद तिसरा याने ते धारण केले होते, तर कृष्ण दुसरा याच्या पुत्राचे नावही जगत्तुंगच होते. या बिरुदावरून तलावाला ‘जगत्तुंग समुद्र’ हे नाव मिळाले. युरोपातील बहुतेक मोठी सरोवरे हिमनद्यांनी कोरलेली, म्हणजेच निसर्गाची देणगी आहेत. कंधारचा तलाव मात्र माणसाने बांधलेला आहे. कमी-अधिक पावसाच्या प्रदेशात राज्य करावयाचे तर आधी पाणी साठवावे लागते, हे ज्यांनी ओळखले होते त्यांची ही निर्मिती आहे. म्हणून कंधारला येणाऱ्या पर्यटकाने हा तलाव केवळ सूर्यास्त पाहण्यासाठी नव्हे, तर जलव्यवस्थापनाचा एक प्राचीन नमुना म्हणून पाहावयास हवा.

2) कंधारचा भुईकोट : सभोवार रुंद खंदक, दुहेरी तटबंदी, बुरूज आणि एकामागून एक येणारे दरवाजे अशी या किल्ल्याची रचना आहे. डोंगराचा आधार नसलेल्या भुईकोटाचे खरे संरक्षण पाणीच करते. त्यामुळे खंदक ही येथे शोभेची वस्तू नसून किल्ल्याच्या रचनेचा प्राण आहे. आतील भागात महालांचे अवशेष, मशीद, तसेच परिसरात सापडलेल्या हिंदू व जैन मूर्ती पाहावयास मिळतात. अरबी व फारसी शिलालेखही आहेत. तटाच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड वापरलेले दिसतात. एकाच भिंतीत अनेक शतके वाचावयास मिळणे, हेच या किल्ल्याचे वैशिष्ट्य होय.

3) क्षेत्रपालाच्या महामूर्तीचे अवशेष : कंधार येथे एका प्रचंड पाषाणमूर्तीचे पाय व इतर अवयव सापडले आहेत. ही मूर्ती क्षेत्रपालाची असून तिची मूळ उंची सुमारे 50 फूट असावी, असा अंदाज आहे. अखंड मूर्ती नाही, म्हणून हे अवशेष दुय्यम ठरत नाहीत. एका पाउलासमोर उभे राहून उरलेली आकृती कल्पनेने पूर्ण करणे, हा पर्यटकासाठी विलक्षण अनुभव ठरू शकतो.

4) कंधारचा शिलालेख : कृष्ण तिसरा याच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या या संस्कृत शिलालेखात येथील देवालये, मंडप, सत्र म्हणजे अन्नछत्रे आणि त्यांना दिलेली दाने यांचे उल्लेख येतात. परगावाहून येणाऱ्यास अन्न व आसरा देणारे हे नगर होते, असे त्यावरून दिसून येते. पर्यटकाच्या सोयीसुविधांचा विचार आपल्याकडे नवा नाही, हेच यातून स्पष्ट होते.

5) हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा : मराठवाडा व तेलंगणातील भाविकांचे हे श्रद्धास्थान आहे. येथील उरुसास सर्व धर्मांचे लोक येतात.

ल्युसर्नचा अनुभव :

ल्युसर्न हे स्वित्झर्लंडमधील तलावाकाठचे मध्ययुगीन शहर होय. चौदाव्या शतकातील छतयुक्त लाकडी पूल, त्यालगतचा अष्टकोनी जलमनोरा, नऊ बुरुजांचा तट आणि इ.स. 1821 मधील सिंहशिल्प ही तेथील प्रमुख आकर्षणे आहेत. ती एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. घटकांचा विचार करता कंधारकडेही तेच आहे : पाणी, तट, शिल्प आणि जुनी वस्ती. मग फरक कोठे पडतो?

18 ऑगस्ट 1993 रोजी ल्युसर्नच्या लाकडी पुलाला भीषण आग लागली. पुलाचा मोठा भाग आणि छताखालील सतराव्या शतकातील चित्रांपैकी बरीच चित्रे जळून गेली. शहराने एप्रिल 1994 मध्ये, म्हणजे वर्ष पूर्ण होण्याच्या आत, पूल पुन्हा बांधून खुला केला. वाचलेली आणि जळालेली चित्रे यांची हकीकत आज पर्यटकाला तेथेच सांगितली जाते. त्याच वर्षी, 30 सप्टेंबर 1993 रोजी, आपल्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीशी एका पुलाच्या आगीची तुलना करणे उचित नाही, आणि तसा हेतूही नाही. परंतु हानी झालेल्या वास्तूचीही कथा असते आणि ती सांगणारा कोणी असेल तर लोक ती ऐकण्यासाठी येतात, हा धडा ल्युसर्नकडून घेण्यासारखा आहे. कंधारचा भग्न क्षेत्रपाल अशाच कथनाची वाट पाहत आहे.

नांदेड-लातूर पर्यटन साखळी :

नांदेड येथील सचखंड गुरुद्वारामुळे देश-विदेशातील शीख भाविक वर्षभर येत असतात. गुरू गोविंदसिंगजींचे इ.स. 1708 मध्ये येथे निर्वाण झाले आणि 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा साजरा झाला. या भाविकांना एका दिवसात कंधार पाहून परतता येते. नांदेड-लातूर मार्गावरील लोह्यावरून कंधारला जाता येते. मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले माळेगाव याच मार्गावर आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे दुसऱ्या दिवशी पाहता येतील. लातूर जिल्ह्यात उदगीर व औसा येथील भुईकोट आणि खरोसा येथील लेणी आहेत. उदगीर परिसरात 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला होता. कंधार, उदगीर व औसा हे तीन भुईकोट क्रमाने पाहिल्यास दख्खनच्या सपाट प्रदेशातील दुर्गरचना उत्तम प्रकारे समजते.

सूचना :

1) किल्ला, तलाव, दर्गा व क्षेत्रपालाचे अवशेष यांना जोडणारा पायी फिरण्याचा मार्ग आखून त्यावर मराठी, हिंदी व इंग्रजी फलक लावावेत. नांदेडचे भाविक लक्षात घेता पंजाबी फलकही असावेत.
2) शिलालेखांचे सुबोध मराठी भाषांतर त्याच ठिकाणी उपलब्ध करून द्यावे.
3) स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण द्यावे. त्यातून त्यांना सुट्टीच्या दिवशी उत्पन्नही मिळू शकेल.
4) स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि सावली या मूलभूत सोयींना सुशोभीकरणाआधी प्राधान्य द्यावे.
5) तलावातील गाळ, त्यात मिसळणारे सांडपाणी आणि काठावरील बांधकामे यांवर सातत्याने लक्ष ठेवावे.

निष्कर्ष :

पर्यटनस्थळ हे केवळ निसर्गाने किंवा इतिहासाने घडत नाही. ते जपणाऱ्या आणि सांगणाऱ्या माणसांमुळे घडते. एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या राजघराण्याने लातूरचे नाव आपल्या बिरुदात मिरवले, त्यानेच कंधारच्या तलावाला ‘समुद्र’ म्हटले होते, याचे स्मरण अशा वेळी ठेवावयास हवे. तलाव आटला किंवा बुजला तर खंदक कोरडा पडेल, किल्ल्याचा अर्थ हरवेल आणि पर्यटकाला दाखवण्यासाठी केवळ दगड उरतील. म्हणून कंधारमध्ये पर्यटनविकासाचा आरंभ तलावापासूनच व्हावयास हवा. तो विकास पर्यटकापूर्वी कंधारच्या रहिवाशाच्याच उपयोगी पडेल.