मानेतून यकृतापर्यंत

कवितेत मी ‘जिगर’ हा शब्द हिंमत या अर्थानं वापरतो. मूळ फारसीत तो यकृताचा. वराळ्यात एका गृहस्थांनी मला विचारलं, “यकृत बिघडलं, तर डॉक्टर मानेत सुई का घालतात?”

मावळातलं भातखाचर आठवा. मोरी बुजली की पाणी तुंबतं आणि बांध कच्चा असेल तिथे फुटतो. आतडी, जठर आणि प्लीहा यांचं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. दारू, हिपॅटायटिस बी-सी किंवा साठलेली चरबी यांमुळे यकृत निबर झालं, की ही वाट अडते. रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरतं. त्या फुगून फुटल्या, तर रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होते. अशा वेळी तडक इस्पितळ गाठावं.

आधी औषधं देतात, दुर्बिणीतून शिरांना रबरी बंद घालतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर ‘टिप्स’. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत रेडिओलॉजिस्ट मानेच्या शिरेतून यकृतात उतरतात, दोन शिरांमध्ये वाट पाडून जाळीची नळी बसवतात. पोट उघडावं लागत नाही. माणसात अशी नळी प्रथम १९८८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये बसवली गेली.

मात्र या वाटेनं रक्त यकृतात न गाळताच पुढे जातं. अमोनिया मेंदूत पोचतो. रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागतो, बोलता बोलता गोंधळतो. घरच्यांनी हा थकवा समजू नये, लगेच डॉक्टरांना सांगावं. औषधानं बहुधा ते आवरतं. गरज पडल्यास नळी अरुंदही करता येते. दाब उतरला, तरी यकृत आजारीच असतं. दारू सुटायलाच हवी.